साडेतीन फेरे

सिक्स्टन हॉलग्रेन माझ्या अंगणात आला तेव्हा मी बटाट्याच्या वाफ्यात गुडघे टेकून तण काढत होते. गाडी मी वळणावरच आवाजावरून ओळखली होती. जुन्या टर्बो-गाडीचा तो शिट्टीसारखा सूर, पण मधेच बसका झालेला, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी उठले नाही. एकोणीस वर्षांत या माणसाने माझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आता आला होता, तर उभा राहू दे म्हटलं.

"गुनवोर," तो म्हणाला. टोपी हातात होती. चौऱ्याहत्तरीला आला होता, पण खांदे अजून तसेच, दारातून आडवे जावे लागतील असे.

"वाट चुकलास का?"

"गाडी खेचत नाहीये."

"तुझ्या गॅरेजमध्ये सहा माणसं आहेत म्हणे."

"ती पोरं आहेत गं. कॉम्प्युटर लावतात, कॉम्प्युटर बोलला नाही की गप्प बसतात. आणि ही गाडी नव्वद सालची, तिला बोलताच येत नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "टर्बो नवा घातला. सगळ्या नळ्यांत धूर सोडून पाहिला, कुठूनही बाहेर येत नाही. तरी दाबाचा काटा अर्ध्यावर जातो आणि खाली बसतो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी चढाई आहे."

चढाई म्हणजे स्तूरबेरियेत डोंगरावरची जुन्या गाड्यांची शर्यत. आमच्या ओंगेरमान नदीच्या काठी वर्षातून एकदाच एवढी माणसं जमतात. सिक्स्टनच्या नावावर तिथला विक्रम होता, आणि या वर्षी ती भरवणाऱ्या क्लबला चाळीस वर्षं होत होती. सुरुवातीला मानाची धाव त्याची.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

त्याने टोपीची कड चाचपली. मी मुळं झटकत राहिले.

"कारण ही गाडी तुझ्याइतकी कुणालाच कळत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मोठ्याने बोल. मला हल्ली कमी ऐकू येतं."

मला उत्तम ऐकू येतं. त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आणि शेजारच्या शेतात गवत कापणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. मग मी उठले.

त्याच्या गॅरेजमध्ये मी चौदा वर्षं काढली. आमच्या भागात मेकॅनिकची वरची परीक्षा पास झालेली मी पहिली बाई. टर्बोच्या गाड्या आल्या की त्या माझ्याकडेच यायच्या, सिक्स्टन फक्त गिऱ्हाइकांशी हात मिळवायचा. मग ती चढाई आली. क्लबच्या अध्यक्षाची, बिर्येर सुंदेलची गाडी मी तयार केली होती. आदल्या दिवशी दुपारी सगळं तपासून किल्ली भिंतीवर टांगली आणि घरी गेले. शनिवारी बिर्येर पहिल्या दोन धावा जिंकला. तिसऱ्या धावेत, वरच्या मोठ्या वळणावर, इंजिन बसलं. पिस्टन वितळला होता. मागची चाकं जाम झाली आणि गाडी झाडीत शिरली. बिर्येरचा डावा हात तीन ठिकाणी मोडला.

टर्बोचा दाब हद्दीबाहेर वाढवला की असं होतं. दाब हद्दीत ठेवायला टर्बोच्या बगलेत एक फाटक असतं आणि ते फाटक एका रॉडने उघडतं. रॉड आवळला की फाटक उशिरा उघडतं आणि दाब चढत जातो. कुणीतरी तो आवळला होता. मी आवळला नव्हता.

क्लबच्या हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर सिक्स्टन उभा राहिला. आवाज अगदी शांत. "चूक माझी आहे," म्हणाला. "बाईच्या हातात पाना दिला, ही माझी चूक." लोक हसले. बिर्येरने, हात गळ्यात बांधलेला, माझं सदस्यत्व रद्द झाल्याचं वाचून दाखवलं. क्लबच्या अंकात ते पहिल्या पानावर छापून आलं, कारणासकट.

त्यानंतर मला कुठल्याही गॅरेजने उभं केलं नाही. शाळेची बस चालवायला लागले. एकोणीस वर्षं तोच रस्ता, तेच थांबे. घराच्या शेडमध्ये कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची गवत कापायची मशीन दुरुस्त केली. लोक मागच्या दाराने यायचे. मला कळायचं की ते मागच्या दाराने येतायत.

तर आता तो पुढच्या दाराने आला होता.

"करते," मी म्हणाले. "पण अटी आहेत. काम माझ्या शेडमध्ये. दिवसभर तू इथे राहायचंस. दिवा तू धरायचास. मी सांगेन ते करायचं, आणि मी का सांगते ते विचारायचं नाही."

"अगं, माझी कंबर..."

"मग कॉम्प्युटरकडे जा."

सोमवारी सकाळी सातला तो आला, कामाचे जुने कपडे घालून. मी गाडी घेऊन पुलापर्यंत एक चक्कर मारून आले. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, काटा चढला, अर्ध्यावर थरथरला आणि बसला. बॉनेटखालून हलकी सळसळ आली, कपड्याची घडी उलगडावी तशी. शेडमध्ये परत येईपर्यंत मला कारण जवळजवळ कळलं होतं.

टर्बोच्या पुढच्या नळीवर एक छोटी झडप असते, मुठीएवढी. पाय उचलला की ती उघडते आणि साठलेली हवा मागे, टर्बोच्या तोंडाशी सोडून देते. तिच्या पोटात रबरी पडदा असतो. पडदा फाटला की झडप दाबाला धरून बंद राहत नाही. टर्बो हवा ढकलतो, ती झडपेतून मागे जाते, टर्बो पुन्हा तीच हवा ढकलतो. नुसतं गोल गोल. आणि हवा बाहेर कुठे पडतच नाही, मग धूर सोडून काय दिसणार? नळ्यांत धूर सगळीकडे सारखाच भरतो. नवा टर्बो घालूनही उपयोग शून्य.

सिक्स्टन पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी पीत होता. मी झडप काढली, तिच्या टोकाला तोंड लावून हवा ओढली. पडदा धड असता तर जीभ चिकटली असती. हवा सरळ आत आली. मी झडप परत बसवली, क्लिपा आवळल्या, हात पुसले.

"काय गं, काही सापडलं?" तो बाहेरून ओरडला.

"इतक्यात?" मी म्हणाले. "ये, खाली शीर. साबणाचं पाणी घेऊन ये."

तो दिवसभर गाडीखाली होता. प्रत्येक नळीच्या प्रत्येक सांध्यावर त्याच्याकडून साबणाचं पाणी लावून घेतलं. मी वरून हवा भरायचे आणि विचारायचे, "बुडबुडा?" तो म्हणायचा, "नाही." मी म्हणायचे, "नीट बघ, चष्मा पूस." त्याच्या कोपरांवर फोड आले. दुपारी त्याने कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायला दोन मिनिटं घेतली. मी घड्याळ बघत होते.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. पण मी त्याला मजेसाठी थांबवलं नव्हतं. मला एक गोष्ट त्याच्या तोंडून हवी होती. एकोणीस वर्षं मी मनात म्हणत होते, रॉड यानेच आवळला. किल्ली भिंतीवर होती, गॅरेजची चावी त्याच्याकडे होती. पण मी पाहिलं नव्हतं. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा बस चालवताना कधीतरी मनात यायचं, की मीच तर नसेन काही विसरले? हे त्याने माझ्यात पेरलं होतं. अपमानापेक्षा मला याचा राग जास्त होता.

मंगळवारी मी टर्बोच्या बगलेतला तो रॉड उघडा केला. सिक्स्टन दिवा धरून शेजारी वाकला होता. मी नट सैल केला, पांढऱ्या रंगाने खूण केली आणि मुद्दाम रेंगाळले.

"हा जरा सैल वाटतोय. आवळावा का?"

"आवळ की."

"किती? मला आता अंदाज राहिला नाही. बस चालवते मी."

सिक्स्टनला कुणी विचारलं की राहवत नाही. माणूस आयुष्यभर असाच. त्याने दिवा दुसऱ्या हातात घेतला आणि मास्तरच्या सुरात सुरू झाला. "हे बघ, खुणेपासून दोन फेरे. दोनला गाडी मस्त पळते. तीन फेरेही चालतात, थंड हवा असेल तर. पण साडेतीन नको. साडेतीनला तिसऱ्या धावेत पिस्टन..."

तो थांबला. दिव्याचा उजेड हलला.

मी पाना खाली ठेवला.

"पुढे बोल," मी म्हणाले.

"मी एक उदाहरण..."

"कुणाची तिसरी धाव, सिक्स्टन?"

तो उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. "एकोणीस वर्षं झाली गं."

"माझीपण एकोणीसच झाली."

"मला वाटलं, त्याला जिंकू द्यावं. गाडीवर माझ्या गॅरेजचं नाव होतं. मला काय माहीत तो एवढा..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग हात मोडला त्याचा. सगळे विचारायला लागले. मी काय करणार होतो?"

"खरं सांगणार होतास."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी किंचाळेन, नाहीतर पाना फेकेन. काहीच झालं नाही. फक्त डोकं एकदम स्वच्छ झालं. मी आवळला नव्हता. मी काही विसरले नव्हते.

"शनिवारी चढाईच्या आधी तू माइकवर बोलतोस ना?" मी विचारलं. "तिथे सांगायचंस. जे आत्ता मला सांगितलंस ते. मग गाडी पळेल."

"सगळ्यांसमोर?"

"मला काढलंत ते काय कोपऱ्यात काढलंत का?"

तो डब्यावरून उठला. मग हात पुढे केला. "सांगतो. शब्द दिला." मी हात मिळवला. त्याचा तळवा घामाने ओला होता.

बुधवारी मी झडप काढून त्याच्या हातात दिली. "ओढ. तोंड लाव आणि हवा ओढ." त्याने ओढली. काळपट तेल त्याच्या ओठांना लागलं. "जीभ चिकटली?" "नाही." "का नाही?" "पडदा फाटलाय." तो झडपेकडे बघत राहिला, मग हळूच माझ्याकडे. "हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी. तू कॉफी पीत होतास तेव्हा."

तो लाल झाला. पण काही बोलला नाही, कारण मी माझ्या फळीवरची चांगली झडप हातात घेऊन उभी होते. भंगारात निघालेल्या एका गाडीतून मीच काढून ठेवलेली. बसवायला पाच मिनिटं लागली, त्याची फाटकी माझ्या फळीवर राहिली. पुलापर्यंत तो स्वतः चालवत गेला. काटा सरळ लाल पट्ट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. म्हातारा माणूस लहान पोरासारखा हसला आणि त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही.

शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी पाच-सहाशे माणसं होती. सॉसेज भाजल्याचा धूर, वॉफलच्या रांगा, झाडांना बांधलेले कर्णे. मी एकोणीस वर्षांनी तिथे उभी होते. काहींनी मान हलवली. काहींनी वॉफलमध्ये फार लक्ष घातलं. सिक्स्टनची गाडी सुरुवातीच्या रेघेवर होती, बॉनेट वर. धावेआधी अध्यक्षाने इंजिनावर नजर टाकायची, असा तिथला नियम.

सिक्स्टनने माइक हातात घेतला. चाळीस वर्षांबद्दल बोलला. विक्रमाबद्दल बोलला. कै. अमक्याची आठवण काढली. मी गर्दीत पुढे सरकले, त्याने मला पाहिलं. त्याची नजर एक क्षण अडखळली. मग त्याने छाती फुगवली.

"आणि हो," तो म्हणाला, "आपली गुनवोर आलीय. तिने गाडीला जरा हात लावून दिला. पोरीला अजून थोडंफार आठवतंय बरं का!"

लोक हसले. हॉलमध्ये हसले होते तसेच. मी एकसष्ट वर्षांची आहे.

त्याने माइक बिर्येरकडे दिला, हेल्मेट चढवलं आणि गाडीत बसून पट्टा लावला. मी दोरीखालून आत गेले. खिशात पेचकस होता. तो का घेतला होता, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. बहुतेक सिक्स्टनला मी त्याच्यापेक्षा चांगली ओळखत होते. वाकले आणि पहिली क्लिप सैल केली.

"ए! ए, काय करतेस?" सिक्स्टन काचेतून ओरडला.

दुसरी क्लिप. इंजिन कोमट होतं. वरची बारीक नळी उपटली, माझी झडप काढली, त्याची फाटकी झडप दुसऱ्या खिशातून काढून तिच्या जागी बसवली आणि क्लिपा आवळल्या. दीड मिनिटही लागलं नसेल.

बिर्येर जवळ आला. हातातला माइक चालू होता, त्याच्या लक्षात नव्हतं. त्याचा डावा हात अजूनही कोपरात पूर्ण सरळ होत नाही.

"गुनवोर, हे काय चाललंय?"

"माझी वस्तू परत घेतेय. त्याने शब्द दिला होता, तो मोडला." माझाच आवाज झाडांतून माझ्याकडे परत आला. "त्याला विचार, तुझ्या गाडीचा रॉड कुणी आवळला होता. साडेतीन फेरे."

गर्दी हळूहळू गप्प झाली. बिर्येर गाडीच्या खिडकीशी गेला. "सिक्स्टन? ही काय म्हणतेय?"

"सोड रे. बाईला राग आहे जुना."

"रॉड तू आवळला होतास?"

"तिला बॉनेटपासून लांब कर आधी!"

"मी विचारतोय, आवळला होतास का?"

मी मधे पडले. मला माहीत होतं नस कुठे आहे. "अरे, हा कसला आवळतोय," मी म्हणाले. "याला जमलंच नसतं. चौदा वर्षं याने फक्त हात मिळवले. टर्बोतलं याला काय कळतंय? परवा फाटका पडदासुद्धा मीच दाखवला."

सिक्स्टनचा चेहरा हेल्मेटमध्ये फुगला. "मला कळत नाही?" तो गरजला. "मला? अरे बिर्येर, पहिल्या दोन धावा तू कुणाच्या जिवावर जिंकलास? हिच्या? हिने तर तुझी गाडी म्हातारीसारखी लावून ठेवली होती! मी आवळला तो रॉड, म्हणून तू पळालास!"

कर्ण्यांतून ते शब्द डोंगरावर गेले आणि खाली आले.

कुणी हललं नाही. सॉसेजवाला हातात चिमटा घेऊन तसाच उभा. सिक्स्टनने बिर्येरच्या हातातल्या माइककडे पाहिलं आणि त्याच्या तोंडाचा रंग उतरला. बिर्येरने माइक बंद केला. मग तो उजव्या हाताने आपलं डावं कोपर धरून झेंड्यापाशी गेला.

"जा," तो म्हणाला. "मानाची धाव आहे ना? जा."

मी बॉनेट बंद केलं आणि त्याने झेंडा खाली केला.

सिक्स्टनला काय सुचलं कोण जाणे. त्याने पाय दाबला. गाडी निघाली, पहिल्या चढाला धापा टाकायला लागली, काटा अर्ध्यावर जाऊन बसला असणार. आम्ही सगळे पाहत होतो. दोन मोठी वळणं खालून दिसतात. दुसऱ्या वळणावर ती इतकी सावकाश वळली की काठावरची मुलं तिच्याबरोबर चालत गेली. त्याच्या विक्रमाच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. फळ्यावर तो आकडा खडूने लिहिला गेला, आणि तो पुसायला कुणी पुढे आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बिर्येर माझ्या दारी आला. सोबत कमिटीचं पत्र होतं. मी त्याला पायरीवरच उभं ठेवलं. कॉफी विचारली नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ कुणालाही कळतो.

"सदस्यत्व परत द्यायचं ठरलंय," तो म्हणाला. "मी माफी मागतो, गुनवोर. मी तेव्हा विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं. हॉलमध्ये तूच वाचून दाखवलंस."

"मला वेदना होत होत्या. दोष द्यायला मला कुणीतरी हवं होतं."

"ते मला कळलं होतं," मी म्हणाले. "पत्र घेऊन जा. मला सदस्यत्व नको. अंकात छापा. पहिल्या पानावर, माझ्या नावासकट, त्याच्या नावासकट. आणि साडेतीन फेरे हेही लिहा."

तो निघाला तेव्हा फाटकापाशी वळून काहीतरी बोलणार होता. मी दार लावून घेतलं.

अंक सप्टेंबरात आला. मी तो बसच्या शेवटच्या थांब्यावर, सगळी मुलं उतरल्यावर वाचला. दोनदा वाचला. मग मोठ्याने वाचला, रिकाम्या बसमध्ये. गाडी वळवून परत निघाले.

सिक्स्टनने गॅरेज पुतण्याकडे दिलं. लोक म्हणतात, तो फारसा बाहेर पडत नाही. माझी बहीण म्हणते, म्हातारा माणूस आहे, आता सोडून दे. मी तिला सांगितलं की मी धरून ठेवलेलंच नाही, पण माफी उचलून द्यायलाही जाणार नाही.

परवा दुकानात चीजच्या कपाटासमोर तो दिसला. ढकलगाडीवर दोन्ही हात टेकून उभा होता, बारीक झालाय. मला पाहून त्याने ढकलगाडी बाजूला घेतली, मला जायला जागा करून दिली. मी लगेच गेले नाही. मला हवं ते चीज शांतपणे शोधलं, तारीख वाचली, टोपलीत ठेवलं. तो तोपर्यंत भिंतीला लागून उभा होता. मग मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली, आणि मी अंडी घ्यायला पुढे गेले.